जुने युरोपीय नाणे, घरे तीन, शेवटी ‘यू’

प्रश्न असा आहे. इंग्रजी शब्दकोड्यात ‘जुने युरोपीय नाणे’ असा क्लू होता, घरे तीन. शेवटचा ‘यू’ उभ्या शब्दातून मिळालेला. विचारणाऱ्यांनी ‘सू’ (एस-ओ-यू) भरला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आले ‘एक्यू’ (ई-सी-यू). त्यांचे म्हणणे, दोन्ही नाणी फ्रान्सची, दोन्ही जुनी, दोन्ही तीन अक्षरांची, मग सू चूक कसा? शिवाय ही असली नाणी इंग्रजी कोड्यांत सारखी का टपकतात, आणि मराठी कोड्यांत का येत नाहीत?

सू चूक नव्हताच, चुकली ती घाई. पेनाने भरता का? कोडी रचण्यात माझे आता तिसावे वर्ष सुरू आहे, पण तीन घरांचे नाणे मी अजूनही पेन्सिलीने, तेही पुसट लिहितो.

इथे यू हाती आला म्हणजे काहीच हाती आले नाही असे समजा. तीन अक्षरांची आणि यूने संपणारी युरोपीय चलने निदान तीन आहेत. ई-सी-यू, एस-ओ-यू आणि रोमानियाचा लेऊ, म्हणजे एल-ई-यू. लेऊ अजून चालतो, त्यामुळे ‘जुने’ या शब्दाने तो बाद झाला. राहिले दोन. आता पहिले घर पाहायचे. तिथे संपणाऱ्या उभ्या शब्दाचा क्लू अनेकवचनी असेल तर एसकडे झुकावे. मधले घर त्याहून बोलके आहे, कारण ओ हा स्वर आणि सी व्यंजन. त्या घरातून जाणारा शब्द अर्धा भरला असेल तर तिथे स्वर बसतो की व्यंजन, हे डोळ्यांना लगेच कळते. अमेरिकी पद्धतीच्या चौकटीत प्रत्येक घर आडव्यातही असते आणि उभ्यातही, म्हणजे तिन्ही अक्षरांना साक्षीदार मिळतो. ब्रिटिश पद्धतीची जाळी विरळ असते. तिथे तीन घरांच्या शब्दाला बहुधा पहिले आणि तिसरे घरच छेदले जाते, मधले एकटे राहते. आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांत दोन्ही तऱ्हेची कोडी येतात, तेव्हा आपल्यासमोर कोणती जाळी आहे हे आधी बघावे.

आणि मग क्लूचे शब्द. सू हवा असता तर मी ‘फ्रेंच’ लिहिले असते. ‘युरोपीय’ लिहिण्यात रचणाऱ्याचा एक डाव आहे, आणि तो समजायला एक्यूचे दोन जन्म माहीत हवेत.

पहिला जन्म तेराव्या शतकातला. फ्रान्सच्या नवव्या लुईने सोन्याचे एक नाणे पाडले. त्यावर ढाल आणि ढालीवर लिलीची फुले, फ्रेंच राजघराण्याचे चिन्ह. ढालीला लॅटिनमध्ये ‘स्कूटुम’ म्हणतात, त्याचे फ्रेंचमध्ये झिजत झिजत ‘एक्यू’ झाले. इटलीचा स्कुदो, स्पेन आणि पोर्तुगालचा एस्कुदो ही याच ढालीची पिलावळ. पुढे १६४१ मध्ये तेराव्या लुईने चांदीचा एक्यू काढला, किंमत तीन लिव्र (फ्रान्सचे तेव्हाचे चलन). एका लिव्रचे वीस सू, म्हणजे एका एक्यूचे साठ. तुम्ही ज्या तीन घरांत सू लिहिला तिथे साठपट किमतीचे नाणे बसायचे होते!

दुसरा जन्म १३ मार्च १९७९ चा. युरोपातल्या देशांनी आपापल्या चलनांची एक टोपली करून हिशेबापुरते एक समाईक एकक ठरवले. त्याच्या इंग्रजी नावाची, ‘युरोपियन करन्सी युनिट’ची, आद्याक्षरे जुळून आली ई-सी-यू. फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष जिस्कार देस्तँ यांना हे नाव भलतेच पसंत होते. इंग्रजांना वाटावे हे आपले संक्षिप्त रूप, आणि फ्रेंच माणसाच्या कानात मात्र संत लुईचे, म्हणजे त्याच नवव्या लुईचे, नाणे वाजावे. जर्मनांना ते रुचले नाही. त्यांच्या भाषेत ‘आइन एक्यू’ म्हटले की ‘आइने कू’ ऐकू येते, म्हणजे ‘एक गाय’. डिसेंबर १९९५ मध्ये माद्रिदच्या बैठकीत नाव बदलून ‘युरो’ ठरले आणि १ जानेवारी १९९९ ला एका एक्यूला एक युरो या दराने एक्यू निकालात निघाला. हा दुसरा एक्यू खिशात कधी खुळखुळला नाही. बेल्जियमने १९८७ मध्ये रोमच्या कराराला तीस वर्षे झाली म्हणून पाच एक्यूचे चांदीचे आणि पन्नास एक्यूचे सोन्याचे नाणे काढले होते, पण ते संग्राहकांसाठी.

म्हणून ‘जुने युरोपीय नाणे’ हा क्लू एक्यूला दोन्ही बाजूंनी चिकटतो, फ्रान्सचे जुने नाणे म्हणूनही आणि अख्ख्या युरोपचे म्हणूनही. क्लूत ‘नाणे’ऐवजी ‘एकक’ किंवा ‘युरोपूर्व’ असे काही आले तर विचारच करायला नको.

गायीचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण. ई-सी-यूच्या आधी पी लावा. ‘पेकू’ होते, आणि लॅटिनमध्ये पेकू म्हणजे गुरेढोरे. त्यावरून ‘पेकुनिया’ म्हणजे पैसा, आणि त्यावरून इंग्रजीतला ‘पेक्युनिअरी’, ज्याच्या पोटात ई-सी-यू जसेच्या तसे बसलेले आहे. आपला ‘पशु’ हा त्याच पेकूचा चुलतभाऊ. पशुधन हा शब्द आपण उगाच वापरत नाही. जर्मनांच्या कानाने गाय ऐकली ती अगदीच चुकीची म्हणवत नाही.

आता नाणी इतकी का येतात ते. कोडे सोडवणाऱ्याला वाटते की रचणाऱ्याला नाण्यांचा शौक असावा. तसे काही नसते. पंधरा बाय पंधराच्या अमेरिकी चौकटीत २२५ घरे, शब्द जास्तीत जास्त ७८, तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द चालत नाही आणि प्रत्येक अक्षर दोन शब्दांत बसले पाहिजे. आपण आधी मोठे, डौलदार शब्द टाकतो. मग कोपऱ्यात तीन-चार घरे उरतात आणि तिथे जे अक्षर पडेल ते पडते. समजा शेवटी यू पडला. इंग्रजीत यूने संपणारे तीन अक्षरी शब्द आठवून बघा. यू, फ्लू, नू हे हरिण, टाऊ हे ग्रीक अक्षर, एमू पक्षी, आणि मग गाडी थांबते. तिथे ई-सी-यू किंवा एस-ओ-यू देवासारखा धावून येतो. (ई आणि यू दोन्ही मिळाले तरी हुरळून जाऊ नका, मध्ये एम घातला की एमू होतो. त्यात युरोपच्या आर्थिक आणि चलन संघाची आद्याक्षरेही ई-एम-यू, म्हणजे तिथेही पैसाच.)

आर्थर विन या लिव्हरपूलच्या गृहस्थांनी २१ डिसेंबर १९१३ ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले कोडे छापले, ते हिऱ्याच्या आकाराचे होते. त्यानंतर शंभरावर वर्षे ही फट अशाच शब्दांनी बुजवली जाते आहे. स्वरांनी भरलेले, आखूड आणि शब्दकोशात सापडणारे, एवढीच अट. नाण्याचे वजन, धातू, राजा, कशाशीही चौकटीला देणेघेणे नसते. इंग्लंडचे ‘नोबल’ हे सोन्याचे नाणे इतिहासात केवढे मोठे, पण चौकटीत त्याला एक्यूची सर नाही.

सू बिचाऱ्याचीही कहाणी सांगितली पाहिजे, कारण त्याची घसरण बघण्यासारखी आहे. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने ‘सॉलिडस’ नावाचे सोन्याचे नाणे काढले, एका रोमन पौंडात बहात्तर. त्या नाण्यात ज्याला पगार मिळे तो ‘सोल्जर’. हाच सॉलिडस फ्रान्समध्ये येईपर्यंत सू झाला, लिव्रचा विसावा भाग. क्रांतीनंतर १७९५ मध्ये फ्रँक आला तरी लोक पाच सांतीमच्या (सांतीम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) नाण्याला सूच म्हणत राहिले. शेवटी ‘एक सू नाही’ म्हणजे फुटकी कवडीही नाही, इथवर मजल आली. तिथून फ्रेंचांबरोबर तो व्हिएतनामला गेला आणि ‘सू’चा ‘झू’ झाला, इंग्रजी स्पेलिंग एक्स-यू. स्क्रॅबल खेळणाऱ्यांनी हे पाठच करावे. एस-ओ-यूला तीन गुण, ई-सी-यूला पाच, आणि दोनच फरशांच्या एक्स-यूला नऊ. सोन्याचे नाणे तांब्यावर आले ते आले, पण पटावर त्याच्या नातवाने चांगले दिवस पाहिले.

‘जुने’ या शब्दाबद्दल एक सूचना, तीही जरा जोर देऊन. कोड्यातला प्रत्येक शब्द पगारी असतो, फुकट कोणी बसलेले नसते. १ जानेवारी २००२ ला युरोच्या नोटा आणि नाणी बारा देशांत हातात आली आणि त्या दिवसापासून लिरा, पेसेटा, मार्क, द्राख्मा, एस्कुदो या सगळ्यांच्या क्लूला ‘जुने’, ‘माजी’, ‘एके काळचे’ अशी शेपटी लागली. त्याआधीचा ‘इटलीचा पैसा’ हा साधा क्लू एका रात्रीत खोटा झाला. माझ्याकडे तेव्हा जमवून ठेवलेले क्लू कार्डांवर असत, त्यातली बरीच कार्डे एका रविवारी बसून दुरुस्त केली. ते काम अजून संपलेले नाही. क्रोएशियाचा कुना २०२३ मध्ये गेला. बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ पासून युरो घेतला, म्हणजे तीन अक्षरी ‘लेव्ह’ही आता जुन्यांच्या रांगेत. उलट क्लूत ‘जुने’ नसेल तर एक्यू, सू भरूच नका. तिथे ‘ओरे’ (ओ-आर-ई) किंवा लेऊ पाहा. ‘नाणी’ असे अनेकवचन असेल तर एक्यू-सूला एस लागून चार घरे होतात, पण लिराचे ‘लिरे’ आणि लेऊचे ‘लेई’ होते. तिथे एस शोधत बसलात तर संध्याकाळ गेली.

गूढ क्लूंच्या, म्हणजे क्रिप्टिक कोड्यात ही नाणी उत्तर म्हणून कमी आणि सुटे भाग म्हणून जास्त येतात. उदाहरण रचून दाखवतो. ‘जुना प्रियकर, जुने नाणे आणि एक सूर मिळून अमलात आणतात’, सात अक्षरे. जुना प्रियकर म्हणजे ‘एक्स’, ई-एक्स. नाणे ई-सी-यू. सूर म्हणजे त्यांच्या सरगमीतला सातवा, आपला नी, तो टी-ई असा लिहितात. जोडा, ‘एक्झिक्यूट’ झाले. सू तर याहून सोपा. त्याच्यापुढे पी लावला की सूप, आर लावला की आंबट, टी-एच लावले की दक्षिण. पी म्हणजे संगीतात ‘हळू’, आर म्हणजे उजवे, हे एकदा अंगवळणी पडले की ‘नाणे हळूच जेवणाआधी’ असले क्लू हसत सुटतात.

एक फसवणूक मात्र आवर्जून सांगतो, कारण तिने मला सुरुवातीला आठवडाभर छळले होते. फ्रान्समधल्या नीस शहराचे स्पेलिंग आणि इंग्रजी ‘नाइस’चे स्पेलिंग एकच. क्लूची सुरुवात ‘नाइस मनी’ने झाली की आपण ‘छान पैसा’ वाचतो. रचणाऱ्याला हवा असतो नीसचा पैसा, म्हणजे फ्रेंच नाणे. पहिला शब्द असल्याने त्याचे पहिले अक्षर मोठे असणारच, म्हणून शहराचे नाव आहे हे लपून जाते.

तीनपेक्षा जास्त घरे असतील तर भराभर सांगतो. चारात लिरा, ग्रीकांचा ओबोल (मृताच्या तोंडात ठेवत तो) आणि डच ‘डॉइट’. पाचात डकॅट, ग्रोट, स्कुदो, फ्रँक. सहात फ्लोरिन, थेलर, एस्कुदो, आणि इथे दुसरे अक्षर मिळाले तर काम झाले, फ्लोरिनचे एल, थेलरचे एच, एस्कुदोचे एस. थेलर बोहेमियातल्या योआखिम्सथाल या खाणीच्या गावचा, डॉलरचा बाप.

सहा अक्षरांत आणखी एक आहे, आणि त्याच्यासाठी हे उत्तर लांबले तरी चालेल. ‘व्हेनिसचे नाणे’ आणि ‘पोशाखावरची चमकी’ अशा दोन्ही अर्थांनी एकच शब्द, ‘सीक्विन’. व्हेनिसने १२८४ मध्ये साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचा सोन्याचा डकॅट काढला आणि १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवेपर्यंत त्याचे रूप जवळजवळ बदललेच नाही. टांकसाळीला व्हेनिसमध्ये ‘झेक्का’ म्हणत. त्यावरून डकॅटला ‘झेक्किनो’ नाव पडले, फ्रेंच-इंग्रजीत त्याचे सीक्विन झाले आणि पुढे ते कपड्यावर शिवायच्या चकाकत्या टिकलीला लागले. झेक्का आला अरबी ‘सिक्का’वरून, म्हणजे ठसा. आपण कागदावर मारतो तो शिक्का हाच. साडीवरचे सीक्विन आणि तलाठ्याचा शिक्का एका घरचे निघाले.

हा डकॅट आपल्याकडे नुसता कोड्यातून आलेला नाही. मिरी-मसाल्याच्या व्यापारात तांबड्या समुद्रावरून तो ढिगांनी पश्चिम किनाऱ्यावर उतरला. त्याच्या एका बाजूला संत मार्क उभा आहे, समोर व्हेनिसचा प्रमुख, डोजे, गुडघ्यावर बसलेला, दोघांच्या मध्ये झेंड्याची काठी. दुसऱ्या बाजूला लंबगोलात येशू, भोवती तारे. आपल्या लोकांना त्यात माणसांच्या बाहुल्या दिसल्या आणि नाव पडले पुतळी. सोनारांनी त्याच्या नकला केल्या, नकलांच्या नकला केल्या. माझ्या आईच्या पुतळ्यांच्या माळेत कडेची लॅटिन अक्षरे नुसत्या उभ्या-आडव्या रेघा झाल्या आहेत आणि संत कोणता, डोजे कोणता, हे भिंगातूनही सांगता येत नाही. मधली काठी मात्र पुतळी-पुतळीत शाबूत आहे.

म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले. मराठी कोड्यांत जुनी युरोपीय नाणी येतात, फक्त पासपोर्ट बदलून. ‘पुतळी’ला मी ‘गळ्यातले व्हेनिस’ असा क्लू दिला होता, तीन घरे. चांगले अनुभवी लोक अडकले.

उरलेले अर्धे उत्तर आपल्या लिपीत आहे. इंग्रजीत एका घरात एक स्वर किंवा एक व्यंजन. मराठीत व्यंजन, स्वर, जोडाक्षर मिळून जे एक अक्षर होते ते एका घरात. त्यामुळे इंग्रजीत तीन घरे खाणारा सू मराठीत एकाच घरात मावतो आणि एका घराचा शब्द नसतोच. आपला ‘पै’ याच कारणाने कधी दिसत नाही. आम्हाला स्वरांची चणचण नसते, चणचण असते ती छेदणाऱ्या अक्षराची. ‘आणा’ लोकप्रिय, कारण ‘णा’वर पाहुणा, वीणा काहीही टाकता येते. होन, दमडी, चवली, पावली सोप्या. ‘ढब्बू’ला मी हात लावत नाही, ‘ब्बू’ दुसऱ्या शब्दात आणायचा कुठून? एक्यू टाकायचाच हट्ट धरला तर ‘क्यू’साठी बार्बेक्यूवाचून सुटका नाही.

एस्कुदोवर मात्र माझा जीव होता. तो खरा आपल्या बाजूचा. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात आधी ‘रुपिया’ चाले. १९५९ मध्ये त्याच्या जागी एस्कुदो आणला, एका रुपियाला सहा या दराने. म्हणून त्याची नाणीही विचित्र, दहा, तीस, साठ सेंताव्हू आणि एक, तीन, सहा एस्कुदो. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, म्हणजे जेमतेम दोन-तीन वर्षांचे आयुष्य. ए, स्कु, दो अशी तीन घरे, आणि मधल्या ‘स्कु’साठी मला उभा शब्द सापडला, बिस्कुट. एका दिवाळी अंकाला कोडे पाठवले, स्वतःवर खूश होऊन. तिथल्या मुद्रितशोधकांनी शुद्धलेखनाला जागून बिस्कुटचे ‘बिस्किट’ केले. घर एकच असल्याने आडवा शब्दही बदलला आणि उत्तरांच्या पानावर गोव्याचे जुने नाणे छापून आले, ‘एस्किदो’. महिन्याभराने मडगावहून एका वाचकांचे पोस्टकार्ड आले. त्यांनी लिहिले होते, आमच्या वडिलांचे दुकान होते, सहा एस्कुदोंचा एक रुपया आम्ही मोजलेला आहे, पण एस्किदो कोणी दिला असता तर परत केला असता.